खाँसाहेब कोण करणार?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा. राजकारण नाही, पाणीप्रश्न नाही. नाटकाबद्दल आहे. पण शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल की हा विषयसुद्धा आपल्या गावाचाच आहे.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आम्ही म्हणजे नांदेडचे पाच-सहा आणि लातूरचे तीन-चार नाटकवेडे. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, एकजण एलआयसीचा एजंट आणि मी पत्रकार. राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं तोंडाला रंग लावलेली माणसं. कुसुम सभागृहाच्या विंगेत डास मारत एंट्रीची वाट बघितलेली. यावेळी ठरलं की नेहमीचं गद्य नाटक नको, संगीत नाटक करू. आणि करायचं तर 'कट्यार काळजात घुसली'च करू.

पहिली बैठक माझ्या घरी झाली. अर्ध्या तासात सगळं नाटक वाटून झालं. कविराज कोण, दिवाण कोण, पंडितजी कोण, नेपथ्य कोण, प्रकाशयोजना कोण. आमच्या सौभाग्यवतींनी पोहे आणून ठेवले आणि सहज विचारलं, "आणि खाँसाहेब कोण करणार?"

सगळे पोह्यांकडे बघायला लागले.

आमचा नंतरचा सगळा वेळ त्या एका प्रश्नात गेला. मी त्या निमित्ताने जुनं बरंच वाचून काढलं. तेव्हा कळलं की हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. मराठी संगीत रंगभूमी जेवढी जुनी, तेवढाच हा प्रश्न जुना.

ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आफताब हुसेन बरेलीवाले हा मोठ्या घराण्याचा गवई. पंडित भानुशंकरांची राजगायकाची जागा त्याला मिळते, त्यांची हवेली मिळते आणि एक खून माफ असलेली मानाची कट्यारही मिळते. पंडितजींचा शिष्य सदाशिव गाण्याच्या ओढीने त्याच हवेलीत येतो. पुढे जे होतं ते दोन माणसांचं भांडण नाही, दोन गायकींचं आहे. म्हणून खाँसाहेब करणाऱ्याला नुसतं सुरेल गाऊन चालत नाही. त्याचं गाणं पंडितजींच्या गाण्यापेक्षा वेगळ्या घराण्याचं वाटलं पाहिजे. एकच पद या नाटकात दोन वेगळ्या चालींत येतं, तिथे प्रेक्षकाला कुणी समजावून न सांगता फरक कळला पाहिजे. वर अहंकार, मत्सर, मुलीवरची माया, आणि सगळ्याच्या तळाशी गाण्यापुढे विरघळणारं मन. हे सगळं एका माणसाने, एका रात्रीत, तीन तास उभं राहून करायचं. सिनेमात चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा चालतो. रंगमंचावर प्लेबॅक नाही.

आता थोडं मागे जाऊ.

३१ ऑक्टोबर १८८०. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' उभं केलं. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर अशी गाणारी माणसं हाताशी होती म्हणून ते उभं राहिलं. पण कंपनीला खरा गळा मिळाला तो पुढे दोन वर्षांनी. बडोद्याला कारकुनी करणारा एक विशीच्या आतला पोरगा, भाऊराव कोल्हटकर. अण्णासाहेबांनी त्याला कंपनीत आणलं. १८ नोव्हेंबर १८८२ ला 'सौभद्र' आलं आणि सुभद्रा म्हणून तो उभा राहिला. पुढे हाच पोरगा अख्ख्या महाराष्ट्राचा लाडका 'भावड्या' झाला. कारकुनी करत राहिला असता तर फार तर हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला असता.

१९०१ मध्ये भाऊराव गेले. वय चाळीसही नव्हतं. कंपनी होती, नाटकं होती, पडदे होते, प्रेक्षक होते. फक्त तो गळा नव्हता. आज आपण 'रिव्हायवल' म्हणतो ना, जुनं गाजलेलं नाटक नव्या माणसाला घेऊन परत उभं करायचं, तो पेच किर्लोस्कर कंपनीसमोर तेव्हाच उभा होता. शकुंतला तीच, पदं तीच. म्हणणार कोण?

उत्तर मिळायला चार वर्षं लागली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कंपनीत आला. टिळकांनी ज्याला बालगंधर्व म्हटलं तो हाच. त्याच्या कानाचं दुखणं होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांच्याकडे उपचारासाठी धाडलं. तिथेच मिरजेत तो शकुंतला म्हणून रंगमंचावर आला. पंचवीस वर्षं जुनं नाटक पुन्हा नवं झालं.

ही गोष्ट आपण नेहमी दैवी चमत्कारासारखी सांगतो. गंधर्व भूतलावर आला वगैरे. पण तपशील बघा. एका राजाने मुलाच्या औषधपाण्याकडे लक्ष दिलं. कंपनीने राहायला-जेवायला घातलं. गोविंद बल्लाळ देवलांसारखा नाटककार तालीम घ्यायला बसला. उभं कसं राहायचं, पदर कसा घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचं, हे देवलांनी घोटून घेतलं. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा गवई गाण्यासाठी मिळाला. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवांच्या. म्हणजे गळा देवाने दिला हे खरं, पण त्या गळ्यामागे वैद्य, आचारी, तालीम मास्तर, गुरू आणि पगार एवढी फौज उभी होती.

नाटक कंपनी म्हणजे नुसता तंबू नव्हता. ती शाळा होती, खानावळ होती आणि नोकरीही होती. केशवराव भोसले तर लहान पोर असतानाच कंपनीत आले, तिथेच वाढले आणि १९०८ साली त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीचं वर्णन आजही लोक डोळे मिटून करतात. पण ते दोघेही अशा कंपन्यांच्या पंगतीत जेवून मोठे झाले होते, हे कुणी सांगत नाही.

मग बोलपट आले, कंपन्या मोडल्या, पंगती उठल्या.

त्यानंतर 'कट्यार' आलं. २४ डिसेंबर १९६७. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी, संस्था प्रभाकर पणशीकरांची 'नाट्यसंपदा'. आणि खाँसाहेब, डॉ. वसंतराव देशपांडे. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं.

या सत्तेचाळीसवर मी बराच वेळ थांबलो, कारण मीही आता त्याच्या जवळपास आलोय. वसंतराव १९३५ साली 'कालियामर्दन' सिनेमात कृष्ण झाले होते. मुलगा नाव काढणार असं तेव्हा सगळ्यांना वाटलं असेल. पुढे काय झालं? मिलिटरी अकाउंट्सची नोकरी. कितीतरी वर्षं. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकले, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे शिकले, पुण्यात सुरेशबाबू मान्यांकडे, मुंबईत अमान अली खाँसाहेबांकडे. तबला वाजवायचे, नकला करायचे, मित्रांत रमायचे. त्यांचं गाणं कुठल्याच एका घराण्याच्या चौकटीत बसत नव्हतं. शुद्धतावाले नाक मुरडायचे.

आणि खाँसाहेबाच्या भूमिकेला नेमकं तेच लागत होतं. गाणं असं, की समोरच्या पंडितजींपेक्षा वेगळं उठून दिसेल. बोलणं असं, की उर्दू तोंडात घोळलेली असेल. आणि आतून असा माणूस, की डावललं जाणं म्हणजे काय ते ज्याला कुणी शिकवायला नको. ते काम १९६७ ला मिळालं, पण त्याची तालीम तीस वर्षं चालली होती.

वसंतराव १९८३ ला गेले. त्यानंतरही हे नाटक झालं, दुसऱ्यांनी खाँसाहेब केले. पण मोठ्या पडद्यामागचा धाक कायम होता, की तुलना होणार. २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनात 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा खाँसाहेब केले राहुल देशपांडे यांनी. वसंतरावांचा नातू, वय तिशीचं. सदाशिव झाले महेश काळे, ते तर अभिषेकीबुवांचेच शिष्य. म्हणजे पुन्हा तेच. एक घराची परंपरा, दुसरी गुरूची. दोघांच्याही गळ्यामागे पंचवीस-पंचवीस वर्षांचं शिक्षण आधीच खर्च झालेलं.

२०१५ ला सिनेमा आला. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा, गळा राहुल देशपांडेंचा. सदाशिव सुबोध भावे, गळा महेश काळेंचा. आणि त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी २०११ च्या 'बालगंधर्व' सिनेमातही तसंच, चेहरा भाव्यांचा आणि गळा आनंद भाट्यांचा, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. यात वाईट काही नाही. सिनेमाने प्रश्न त्याच्या पद्धतीने सोडवला. पण आमच्यासारख्यांना त्या पद्धतीचा उपयोग नाही.

आता आपल्याकडे येतो.

मराठवाड्यात संगीत नाटकाची परंपरा का नाही, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. गश्ती निशाण ५३ ने साध्या सभेलाही परवानगी लागायची. शिक्षण उर्दूतून. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श यांचं खरं राज्य पुणे, सांगली, मिरज, कोल्हापूर, हुबळी, बेळगाव असं पसरलेलं. कंपनी नावाची ती शाळा-खानावळ आपल्या भागात रुजलीच नाही.

पण गळे नव्हते असं म्हणू नका. नांदेडसारख्या गावात सकाळी सचखंड साहिबला रागी कीर्तन करतात, ते रागदारीतच असतं. संध्याकाळी कुठल्याही मारुतीच्या पारावर भजनी मंडळ बसतं. कंधारला हाजी सय्याह सरवर यांच्या दर्ग्यात कव्वाली होते. उमरीजवळच्या गोरट्याला दासगणू महाराजांची गादी आहे. दासगणू म्हणजे पोलिसातला माणूस, लावण्या रचणारा, पुढे कीर्तनकार झाला. एकट्याने उभं राहून गायचं, बोलायचं, दहा पात्रं रंगवायची, हे कीर्तनकारापेक्षा जास्त कुणाला जमतं? पंडित नाथराव नेरळकर आपलेच, नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले आणि पुढे औरंगाबादेत त्यांनी पिढ्या घडवल्या. गळे होते आणि आहेत. त्यांना एका छताखाली बसवून नाटक शिकवणारं कुणी नव्हतं.

हे सगळं वाचून-बोलून झाल्यावर आम्ही लातूरला एका संगीत क्लासमध्ये रविवारी चाचणी ठेवली. क्लास चालवणारे गुरुजी सत्तरीचे, पेटी त्यांची, शब्द शेवटचा त्यांचा.

पहिला आमचाच दोस्त. स्पर्धेत अभिनयाची बक्षिसं घेतलेला. संवाद असा म्हणाला की अंगावर काटा आला. मग गायला लागला. गुरुजींनी पट्टी एकदा उतरवली, दुसऱ्यांदा उतरवली, तिसऱ्यांदा भाता लावून पेटीच बंद केली. म्हणाले, "बाळा, तू कविराज कर."

दुसरे एक विशारद झालेले. गाणं स्वच्छ, ताना दाणेदार. संवाद मात्र तलाठ्याने सातबारा वाचावा तसा.

तिसरे लोह्याकडचे एक भजनी बुवा. साठीचे, माईक नसताना आवाज रस्त्यापर्यंत जाणारा. पण एंट्रीला आले की हात आपोआप जोडले जायचे. तीनदा सांगून पाहिलं, "बुवा, खाँसाहेब मगरूर आहे, मान ताठ ठेवा." शेवटी तेच म्हणाले, "सर, माणसावर असं गुरकावणं मला या जन्मात जमत नाही." आणि हसत बसले.

चौथा उमेदवार नव्हताच. आमच्या तबलजीला नांदेडहून मोटारसायकलवर घेऊन आलेला एक पोरगा कोपऱ्यात बसून चहा पीत होता. वय सत्तावीस. जुन्या नांदेडात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. वडील उरुसात कव्वाली गायचे, ते गेले, पार्टी मोडली. तबलजी म्हणाला, "गुरुजी, याचं एकदा ऐका."

तो उठला नाही. बसल्या जागी डोळे मिटले आणि सूर लावला. गुरुजींनी पट्टी विचारली नाही, त्यांचा हात आपोआप त्या पट्टीवर गेला. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग मी त्याच्या हातात संवादाचा कागद दिला. म्हणाला, "साब, मराठी पढ लेता मैं. शाळा मराठीच थी. आवाज चढाके बोलूं या आहिस्ता?"

आणि त्याने आहिस्ता वाचलं. आमचा दोस्त 'खाँसाहेब' म्हणताना सिनेमाची नक्कल करत होता. हा पोरगा बोलला तेव्हा मला माझे आजोबा आठवले. माझे आजोबा उर्दू शिकलेले. हिशेबाची वही उर्दूत, रागावले की उर्दूत. आपल्या घराघरांत जमिनीचे जुने कागद अजून त्याच लिपीत आहेत, वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. जी भाषा पुण्याच्या नटाला शिकावी लागते ती आपल्याकडे चुलीपाशी होती. खाँसाहेब मराठवाड्याला परका नाहीच.

गुरुजी एवढंच म्हणाले, "मिळाला."

परतीच्या गाडीत मात्र वेगळीच चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाला, "पोरगा भारीच आहे. पण त्याला यात अॅक्टिंग कुठं करावी लागते? तो तर तसाच आहे." मी म्हटलं, मग देशमुखांनी नाटकात पाटील करायचा नाही का? दुसरा म्हणाला, "सध्याचं वातावरण बघता, कुणी काही बोललं तर?" तिसरा म्हणाला, "त्याला आपण साथीला घेऊ की."

मी गप्प बसलो नाही, पण वादही फार घातला नाही. घरी येऊन मात्र झोप लागेना. १९६७ च्या त्या पहिल्या 'कट्यार'मध्ये खाँसाहेबांची मुलगी झरीना कुणी केली? फैयाज यांनी. सोलापूरच्या. आपल्या उस्मानाबादच्या शेजारच्या. देशपांडे बाप आणि फैयाज लेक, आणि त्या काळात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे २०१५ मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष त्याच झाल्या. आणि मुळात नाट्यसंगीत आलं कुठून? भास्करबुवा बखले शिकले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडे. 'मानापमान'च्या चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांवर अल्लादिया खाँसाहेबांचीच छाया. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही अब्दुल करीम खाँसाहेबांची लेकरं. खरे खाँसाहेब कायम पडद्यामागे राहिले, त्यांची विद्या पुढे उभी राहिली. एका नाटकात एक जण पुढे आला तर एवढं काय?

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभराने गाडीत बोललेल्या मित्राचाच मेसेज आला, "चुकलं माझं. त्यालाच घेऊ."

अडचण फक्त आपल्याच बाजूला होती असंही नाही. पोराच्या मामूंना नाटक-बिटक पसंत नव्हतं. मी आणि तबलजी जाऊन बसलो, चहा झाला, मामूंनी गोष्ट विचारली, मी सांगितली. पोरगा मध्येच म्हणाला, "आखिर में खाँसाहेब हारता क्या?" मी म्हटलं, हरत नाही. सदाशिवचं गाणं ऐकतो आणि उगारलेली कट्यार खाली येते. तो मामूंकडे बघून म्हणाला, "मतलब सुननेवाला आदमी है. फिर ठीक है." मामू हसले. जा म्हणाले.

सहा रविवार तालीम झाली. सहाव्या रविवारी त्याने पहिला अंक तोंडपाठ केला होता.

सातव्या रविवारी तो आला नाही. आठव्याही नाही. मी दुकानावर गेलो. लग्नसराई, समोर मोबाईलचा ढीग. डोळ्याला भिंग लावून बसलेला. म्हणाला, "साब, इतवार को ही गिऱ्हाइक आता. सुबह छे बजे निकलो, रात को दस बजे वापस. दुकान बंद. लडका रखूं तो उसको पगार देना पडता." थोडं थांबून म्हणाला, "मैं मानधन नहीं मांग रहा. सिर्फ उस दिन का गल्ला निकल जाए."

मी हे बैठकीत मांडलं. आमचं अंदाजपत्रक समोर होतं. त्यात नेपथ्याला पैसे होते, भाडोत्री कपड्यांना होते, सभागृहाला, लाइटला, साउंडला, गाडीला होते. पेटी आणि तबल्याला होते, कारण ते 'व्यावसायिक'. ज्याच्यावाचून नाटकच नाही त्या माणसापुढे भोपळा. आम्ही हौशी ना. कुणीतरी म्हणालं, "कला म्हणून करायला पाहिजे त्याने." आणि खरं सांगतो, ते वाक्य आधी मीच त्याला दुकानात म्हणून आलो होतो. आमच्यातल्या प्रत्येकाला महिन्याच्या एक तारखेला पगार किंवा कमिशन येतं. रविवार आमचा सुट्टीचा असतो. हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

नाटक बारगळलं. स्पर्धेची मुदत गेली.

आता मागे वळून बघतो तर भावड्या, नारायण, केशवराव, वसंतराव आणि हा पोरगा यांच्यात मला देवदत्त गळ्याचा फार फरक वाटत नाही. फरक मागच्या फौजेचा आहे. भाऊरावांना कारकुनी सोडता आली कारण कंपनी पगार देत होती. नारायणचा कान बघायला राजा होता, हावभाव बघायला देवल होते. आमच्या खाँसाहेबाला रविवारचा गल्ला भरून देणारंसुद्धा कुणी नव्हतं. आपण म्हणतो, मराठवाड्यात टॅलेंट आहे पण संधी नाही. संधी आम्ही दिली होती. जेवण दिलं नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी मांडतो आणि थांबतो.

पहिली गोष्ट मोठ्यांसाठी. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे महापालिका आहेत, सभागृहं आहेत, महोत्सव होतात, बाहेरचे नामवंत येऊन गाऊन जातात. जरूर यावेत, मी स्वतः पहिल्या रांगेत बसायला धडपडतो. पण एका महोत्सवाच्या मांडवाच्या खर्चात दोन-चार स्थानिक गाणाऱ्या पोरांचा वर्षभराचा तालमीचा खर्च निघू शकतो. रिकाम्या पडलेल्या सभागृहात दुपारी तालमीला जागा फुकट देता येते. शाळांतले संगीत शिक्षक निवृत्त झाले की त्या जागेवर पुन्हा कुणी येत नाही, हे मी बातमीदार म्हणून वीस वर्षं बघतोय. त्यावर कधीतरी निवेदन निघू द्या. पुढचा खाँसाहेब आज चौथी-पाचवीत असेल. त्याची निवड तो तिशीचा झाल्यावर करायला बसाल तर उशीर झालेला असेल.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी आणि माझ्यासारख्यांसाठी. या वर्षी आम्ही पुन्हा बसतोय. अंदाजपत्रकात पहिली ओळ खाँसाहेबाची लिहिली आहे, नेपथ्य त्याच्या खाली. वीस रविवार लागतील असा गुरुजींचा अंदाज आहे. पहिल्या तीन रविवारांचा गल्ला मी देणार, हे मी बैठकीत सांगितलं. गाडीत बोललेल्या त्या मित्राने चार घेतले. तालीम यावेळी नांदेडलाच ठेवू, गुरुजी स्वतः म्हणाले की एसटीला मला सवलत आहे, मीच येत जाईन. सत्तरीचा माणूस तीन-साडेतीन तास प्रवास करून येणार.

काल संध्याकाळी दुकानावर जाऊन त्याला हे सगळं सांगितलं. त्याने भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पेहला अंक भूल गया होता मैं तो?" मग समोरच्या गिऱ्हाइकाला थांबा म्हणून, तिथेच, मोबाईलच्या ढिगापुढे, हळू आवाजात एंट्रीचा संवाद म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही.

तेरा रविवार अजून मोकळे आहेत. ज्यांना एखादा घ्यायचाय त्यांनी मला फोन करा.